दहापैकी दोन

सकाळी साडेपाचला आमच्या खोलीतले दिवे लागतात. ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात नऊनंतर मैदानावर उभं राहवत नाही, म्हणून ज्यांच्या हाताची दुरुस्ती चालू आहे ती पोरं पहाटेच येतात. डोळ्यांत झोप, कानात गाणी, हातात कॉफी नाहीतर कसलंसं निळं पेय. एकेक जण टेबलावर आडवा होतो आणि मी प्रत्येकाला तोच प्रश्न विचारते : शून्य ते दहा, आज किती दुखतंय?

"दोन."

पुढचा. "दोन." त्याच्या पुढचा व्हेनेझुएलाचा, तो त्याच्या भाषेत, "दोस."

पहिल्या वर्षी मला वाटायचं, काय छान चाललंय आपलं काम, सगळे दोनवर आहेत. मग एका मुरलेल्या सहकाऱ्यानं मला हिशेब समजावला. शून्य म्हटलं तर ट्रेनरला संशय येतो, कारण बॉल फेकून पोट भरणाऱ्याचा हात शून्यावर कधीच नसतो. तीन म्हटलं तर मला वर कळवावं लागतं, त्या दिवसाचं फेकणं बंद होतं, कदाचित एमआरआय काढतात. मधला बिनधोक आकडा दोन. नवीन पोरगा आला की जुनी पोरं त्याला जेवणाची खोली कुठे, मळके कपडे कुठे टाकायचे हे सांगतात, त्यातच हेही सांगून टाकतात.

मी मिरजेची. फिजिओथेरपी तिकडे शिकले, मग इथे येऊन पुन्हा दोन वर्षं शिकले, पुन्हा परीक्षा दिल्या, आणि एका मोठ्या बेसबॉल क्लबच्या प्रशिक्षण केंद्रात लागले. हे केंद्र म्हणजे शिडीची सगळ्यांत खालची पायरी. वर चार पायऱ्या मायनर लीगच्या आणि त्यावर, ढगात कुठेतरी, मेजर लीग. क्लबचं नाव लिहीत नाही, पोरांचे तपशीलही थोडे इकडचे तिकडे केलेत. पोरं आमच्या खोलीत ज्या विश्वासानं शर्ट काढून झोपतात, त्याला जागायला हवं.

बेसबॉल मला ठाऊक नव्हता. ठाऊक होतं ते गल्लीतलं क्रिकेट, तेही भावाच्या मागे मागे जाऊन. त्या गल्लीत कोणी कोपर वाकवून बॉल टाकला की "ए भट्टा, भट्टा!" असा एकच गिल्ला व्हायचा आणि टाकणारा शपथा घेत सुटायचा. इथे भट्टा हाच धंदा. क्रिकेटमध्ये बॉल टाकताना कोपर पंधरा अंशांपेक्षा जास्त सरळ झालं तर गोलंदाजावर बंदी येते. इथे कोपर वाकवल्याशिवाय गोष्ट सुरूच होत नाही. धावत यायचं नाही, टप्पा टाकायचा नाही. दहा इंच उंचीच्या मातीच्या ढिगावर उभं राहायचं, एक पाय उचलायचा आणि साठ फूट सहा इंचांवरच्या बॅटरकडे बॉल फेकायचा. भावाला मी पहिल्यांदा मैदानातून व्हिडिओ कॉल लावला तेव्हा तो दोन मिनिटं गप्प बघत राहिला आणि म्हणाला, "अगं, ह्या सगळ्यांना अंपायर बोलवून नो-बॉल द्यायला पाहिजे."

त्या फेकण्यात हाताचं काय होतं ते मला आता झोपेतही दिसतं. हात मागे जातो, तळहात आकाशाकडे वळतो, आणि मग खांद्याचा सांधा आतल्या बाजूला फिरतो तो सेकंदाला जवळपास सात हजार अंश या वेगानं. तो तसाच फिरत राहिला असता तर एका सेकंदात एकोणीस फेऱ्या झाल्या असत्या. माणसाच्या शरीराच्या सगळ्यांत वेगवान हालचालींपैकी ही एक. या गडबडीत कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाला हाड बांधून ठेवणारी जी एक पट्टी असते, तिच्यावर ताण येतो. मृतदेहांच्या कोपरांवर केलेल्या प्रयोगांत ती पट्टी साधारण बत्तीस न्यूटन-मीटरला तुटली. जोरात फेकलेल्या एका बॉलला कोपरावर येतात चौसष्टच्या आसपास. उरलेला भार हाताचे स्नायू उचलतात म्हणून निभावतं. थकलेला स्नायू उचलत नाही. माझ्या नोकरीची सगळी गोष्ट खरं तर या चार वाक्यांत आटोपते.

आणखी एक गंमत. पिचरला, म्हणजे बॉल फेकणाऱ्याला, उताणं झोपवायचं, हात खांद्याशी काटकोनात ठेवून कोपर वाकवायचं आणि हात मागे नेत जायचा. तुमचा-माझा हात टेबलाच्या पातळीला आला की थांबतो. यांचा त्याखाली आणखी तीस-चाळीस अंश जातो, खालून कोणीतरी ओढून घ्यावा तसा. ते लवचीकपण नुसतं स्नायूंचं नाही. दहा-बारा वर्षांच्या वयात, हाड वाढत असताना, इतकं फेकलेलं असतं की दंडाचं हाडच पिळलं जातं. हमालाच्या खांद्याला घट्टा पडतो तसा यांच्या हाडाला पीळ पडतो. आमचा एक पन्नाशीचा कोच, कधीचा फेकायचा थांबलाय, पोट सुटलंय, पण टेबलावर झोपवला तर उजवा हात अजून तसाच खाली जातो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण मला इथे येऊन शब्दशः कळली.

आता ७४ नंबरबद्दल. मोठ्या खेळाडूंना सुटसुटीत नंबर मिळतात, आमच्याकडच्या पोरांना सत्तर-ऐंशीतले, जे कोणी मागत नाही. हा डोमिनिकन रिपब्लिकचा. सोळाव्या वर्षी करारावर सही केलेली, मिळालेल्या पैशांतून आईच्या घराला स्लॅब घातलेला. २०२२ सालच्या मे महिन्यात तो वीस वर्षांचा होता आणि ताशी ९७ मैलांनी, म्हणजे १५६ किलोमीटरनी फेकत होता. त्या दिवशी सकाळी मी विचारलं, तो म्हणाला, "दोस." निळ्या पेयाची बाटली त्यानं डाव्या हातात धरली होती. फोनही डाव्याच हातात. तो उजव्या हातानं सगळं करणारा पोरगा. मी ते पाहिलं. पाहिलं आणि पुढच्या टेबलाकडे वळले, कारण अजून नऊ जण रांगेत होते आणि आकडा दोन होता.

तिसऱ्या डावात एक बॉल कॅचरच्या डोक्यावरून गेला आणि मागच्या जाळीवर आदळला. त्यानं बोटं झटकली, पाणी लागल्यावर झटकतात तशी. कोणी बोलवायच्या आत स्वतःच मातीच्या ढिगावरून उतरला आणि सरळ आमच्या खोलीकडे चालू लागला. मी त्याचं कोपर धरून बाहेरच्या बाजूला हलकासा ताण दिला. ज्या जागी एक ठाम थांबा लागायला हवा, तिथे दार नुसतं उघडत जावं तसं वाटलं. त्याच्या चेहऱ्याकडे बघायची गरज नव्हती, पण बघितलं. तो छताकडे बघत होता.

तुटणं त्या एका बॉलनं होत नाही. दोराचे धागे महिनोन्‌महिने सुटत असतात, शेवटचा कधीतरी सुटतो. त्या सकाळी मी त्याला थांबवलं असतं तरी कदाचित जुलैत हेच झालं असतं. डॉक्टरांनी हे मला दोनदा सांगितलं. मी ते मानते. डाव्या हातातली बाटली मात्र डोळ्यांपुढून जात नाही, आणि आता मी आकडा विचारायच्या आधी कोणता हात काय करतोय ते बघते.

तुटलेली पट्टी नव्यानं बसवायच्या शस्त्रक्रियेला सगळे टॉमी जॉन म्हणतात. तो डॉक्टर नव्हे, पेशंट. लॉस एंजेलिस डॉजर्सचा डावखुरा पिचर. १९७४ च्या जुलैत त्याची हीच पट्टी तुटली, आणि तोवर असं झालं की माणूस घरी जायचा. डॉ. फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबर १९७४ रोजी त्याच्याच दुसऱ्या मनगटातली एक कंडरा काढली, कोपराच्या हाडांना भोकं पाडून ती इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी ओवली, आणि परत खेळण्याची शक्यता शंभरात एक सांगितली. जॉन १९७६ मध्ये परत आला आणि १९८९ पर्यंत, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत फेकत राहिला. त्यानं जिंकलेल्या २८८ सामन्यांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे. आठ वर्षं आधी त्याच शहरात, त्याच संघात सँडी कूफॅक्सनं कोपराच्या संधिवातापायी तिसाव्या वर्षी खेळ सोडला होता, तोही २७ सामने जिंकून दिलेल्या वर्षानंतर.

ती मनगटातली कंडरा तुम्हालाही बघता येईल. अंगठा आणि करंगळी जुळवा, मनगट किंचित आत वळवा. मधोमध दोरीसारखी वर येते ती. काही जणांना ती जन्मतःच नसते आणि त्यांचं काही अडत नाही. आईला फोनवर हे करायला लावलं. तिच्या दोन्ही हातांना काही उमटेना.

"मग माझं काय बिघडलं?"

"काहीच नाही. म्हणून तर काढून घेता येते."

"बरंय. मला नाही तर कोणाला देताही येणार नाही," असं म्हणून तिनं कुकरकडे लक्ष दिलं.

७४ ची उजव्या मनगटातलीच काढली. जूनमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि मग आमचे चौदा महिने सुरू झाले. लोक पिचरचं करिअर म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे फेकणारा माणूस असतो. मी बघते तो न फेकणारा. आधी बिजागरीचा पट्टा, ज्यावरचा आकडा दर आठवड्याला थोडे अंश पुढे सरकवायचा. मग बोटं, मग मनगट. मग तांदळाची बादली. एका मोठ्या बादलीत कच्चा तांदूळ भरायचा, त्यात कोपरापर्यंत हात खुपसायचा आणि आत मूठ उघडायची, मिटायची, फिरवायची. हाताच्या बारीक स्नायूंना याच्यासारखा दुसरा व्यायाम नाही, लाखांची यंत्रं त्यापुढे झक मारतात. आईला हे सांगितलं तर ती बराच वेळ गप्प. मग : "तांदूळ कुठला? आंबेमोहर नाही ना?" हात धुऊन मग घाल, असं मी ७४ ला सांगितलं. त्यानं खरंच त्या दिवसापासून हात धुवायला सुरुवात केली. त्याची आजीही अन्नात हात घालणाऱ्याला मारायची, म्हणाला.

नोव्हेंबरात पहिल्यांदा बॉल हातात दिला. पंचेचाळीस फूट अंतर, पंचवीस फेकी. एवढ्या अंतरावरून मीही फेकू शकते. तो आदल्या रात्री झोपला नव्हता. बॉल हातात घेतला, फिरवला, शिवणीवर बोटं ठेवली, काढली, परत ठेवली. त्या बॉलवर १०८ टाके असतात, कोस्टा रिकातल्या तुरिआल्बा गावात हातानं घातलेले, आणि तांबड्या दोऱ्याचा उंचवटा बोटाच्या पेराला नेमका कुठे लागतो यावर या लोकांचं आयुष्य चालतं. पाच महिन्यांत त्याच्या बोटांवरचे घट्टे गेले होते. तो बोटांच्या टोकांकडे बघून हसला. "बाळाचे हात," म्हणाला.

पहिली फेक जमिनीत गेली. दुसरी पण. तिसरी मात्र सूं करत आली आणि मी ओरडले, "अर्धाच जोर लाव म्हटलंय ना!" त्याला वाटत होतं तो अर्धाच लावतोय. यांना पन्नास टक्के जोर लाव म्हटलं की बॉल पंच्याऐंशी टक्के वेगानं जातो, हे मोजून सिद्ध झालंय. हळू फेकणं ही गोष्ट त्यांना कोणी शिकवलेलीच नसते. सोळाव्या वर्षी ज्या वेगाकडे बघून सही घेतली गेली, तो वेग म्हणजेच ते.

इथे माझी गोची सांगायला हवी. डिसेंबर २०२४ मध्ये मेजर लीगनं स्वतःच पिचरांच्या दुखापतींवर एक अहवाल काढला. सरासरी फास्टबॉल २००८ मध्ये ताशी ९१.३ मैल होता, तो २०२४ मध्ये ९४.२ वर गेलाय. वेगाचा आणि प्रत्येक बॉलला जीव काढून फेकण्याचा हव्यास हे कारण, असं त्यात म्हटलंय. आमच्या खोलीतल्या कोणालाही हे वाचून धक्का बसला नाही. ज्यानं हात वर जातो त्यानंच हात जातो. पण ९७ नं फेकणारा पोरगा शस्त्रक्रियेनंतर ९२ वर आला तर त्याला कोणी शहाणपणाचं बक्षीस देत नाही, घरचं तिकीट देतात. म्हणून मी काय करते? तुटलेला हात बरा करते आणि ज्या वेगानं तो तुटला त्याच वेगापर्यंत परत नेऊन सोडते. त्यालाच माझ्या कामाचं यश म्हणतात, आणि माझ्या वार्षिक मूल्यमापनात ते तसं लिहिलेलंही असतं.

वेगाशिवायही कोणी निभावलं नाही असं नाही. आर. ए. डिकी नावाचा पिचर होता. १९९६ मध्ये टेक्सास रेंजर्सनं त्याला आठ लाख दहा हजार डॉलर देऊ केले. मग क्लबच्या माणसांना एका फोटोत त्याचा हात विचित्र लोंबताना दिसला, तपासणी झाली, आणि कळलं की त्याच्या कोपरात ती पट्टीच नाही. आठ लाखांचे पंच्याहत्तर हजार झाले. वर्षानुवर्षं खालच्या पायऱ्यांवर घासल्यावर तो नकलबॉल शिकला, जो बॉल न फिरता, हळू, डुलत डुलत जातो, आणि २०१२ मध्ये त्यानं सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला. त्याच वर्षी जानेवारीत तो किलिमांजारो चढला होता, मुंबईत कामाठीपुऱ्यातल्या बायका-मुलींची सुटका करणाऱ्या संस्थेसाठी पैसे जमवायला. मला हे कळलं तेव्हा मी दिवसभर सगळ्यांना सांगत सुटले. इथल्या पोरांना कामाठीपुरा म्हणजे काय ते कळलं नाही, आणि नकलबॉलबद्दल त्यांचं मत असं की तो म्हाताऱ्यांचा बॉल.

भारतातली म्हटल्यावर मला हमखास रिंकू सिंग आणि दिनेश पटेलबद्दल विचारतात, उत्तर प्रदेशातली ती भालाफेक करणारी दोन पोरं, २००८ मध्ये एका स्पर्धेतून पिट्सबर्ग पायरेट्सपर्यंत पोचली ती. त्यांच्यावरचा सिनेमा सगळ्यांनी बघितलेला असतो. रिंकूच्या कोपरावरही पुढे हीच शस्त्रक्रिया झाली, ते सिनेमात नाही.

७४ च्या त्या लांबलचक वर्षात एक चांगली गोष्ट घडली. मायनर लीगची पोरं २०२२ च्या सप्टेंबरात युनियनमध्ये गेली आणि पुढच्या वर्षी पहिला सामूहिक करार झाला. आमच्या पायरीवरचा वर्षाचा पगार ४,८०० डॉलरवरून १९,८०० वर गेला. त्यानं आईला वॉशिंग मशीन घेतलं आणि फोटो सगळ्या टेबलांवर फिरवला. त्याच करारात आणखी एक कलम होतं, ज्याच्याकडे त्या दिवशी कोणाचं लक्ष नव्हतं : क्लबनं अमेरिकेत ठेवायच्या मायनर लीग खेळाडूंची कमाल संख्या २०२४ पासून १८० वरून १६५.

ऑगस्ट २०२३ मध्ये तो परत सामन्यात उतरला. संध्याकाळी साडेसहा, तरी बेचाळीस अंश. स्टँडमध्ये जेमतेम तीस माणसं, त्यातले निम्मे आमचेच. एक डाव, चौदा बॉल, सगळ्यांत वेगवान ९६. तो आत आला, मी बर्फ देऊ का विचारलं, त्यानं नको म्हटलं. किती? "दोस." मी दोन्ही हात बघितले. बाटली उजव्या हातात होती. त्या रात्री मी मिरजेला फोन करून सांगितलं. आईनं देवापुढे साखर ठेवली. बेसबॉलमध्ये किती जण खेळतात हे तिला आजही माहीत नाही.

२०२४ च्या मार्चअखेरीस रोज सकाळी एकेकाला ऑफिसात बोलावणं येऊ लागलं. त्या दिवसांत आमच्या खोलीत कोणी गाणी लावत नाही. ७४ ला सात वाजता बोलावलं. तो वेग परत आला होता, पण बॉल हवा तिथे पडत नव्हता, आणि पंधरा जागा कमी झाल्या होत्या. निरोपाच्या आधी डॉक्टरांसमोर एक कागद भरावा लागतो. कुठे काही दुखतंय का, हो की नाही, आणि सही. त्यानं "नाही" वर खूण केली.

आठच्या सुमाराला तो आमच्या खोलीत आला. त्याला त्याचे रबरी पट्टे हवे होते, ज्यांवर त्यानं मार्करनं ७४ लिहून ठेवलं होतं. ते क्लबच्या मालकीचे. मी पिशवीत घालून दिले. घरी काय काय करायचं ते माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये कागदावर लिहून दिलं, त्यातल्या दोन चुका त्यानं उभ्या उभ्या दुरुस्त केल्या. दुसरा कुठला क्लब फोन करेल, त्याच्या एजंटाचं बोलणं चाललंय, असं म्हणाला. मी बरं म्हटलं. मग सवयीनं तोंडातून निघून गेलं, "आज किती?"

त्यानं दाराकडे बघितलं. दार लोटलेलं होतं.

"कोपर शून्य," तो म्हणाला. "खांदा पाच. नोव्हेंबरपासून. लिहू नकोस, डॉक. फोन येणार आहेत."

संगणकावर त्याची फाइल साडेसातलाच बंद झाली होती. आकडा भरायचा चौकोन राखाडी पडला होता. मी टेबलावरचा कागद बदलला, त्याला शर्ट काढायला सांगितलं आणि त्याचा उजवा हात काटकोनात धरून हळूहळू मागे नेऊ लागले.